११४ आणि ११४-अ

तांडापेठेत, बाराच्या उन्हात,
एकाच चौकटीवर गेरूनं दोन नंबर टाकले.
नियम सोपा : एक चूल, एक कुटुंब.
मधे टिनाचा पत्रा.
अलीकडे देवकाबाई निपाने, विधवा,
वय : "लिहा ना साठ."
पलीकडे दीर, जाऊ, दोन पोरी.
माग कधीच विकला,
त्याचा खड्डा मात्र पत्र्याखालून आरपार,
त्यात दोन्ही घरांचे कांदे.

लिहीत होतो तर खड्ड्यातून
पातोडीच्या रश्श्याची वाटी वर आली,
मागोमाग एक पोट्टा,
गुडघ्यांना कांद्याची सालं.

"हा कोणाकडचा?"
"काल तिकडे निजला, जी.
आज पाहू."

रकाना एकच.
पेनाला टोपण लावलं, पेन्सिल मागितली.
पोट्ट्यानंच आणून दिली,
पलीकडून.