तीन वाजेपर्यंत

बेटावर मतदार आठ.
होडी एक, पेटी एक, पोलीस एक
आणि मी, केंद्राध्यक्ष,
पोटात अजून डोनेगॉलचा समुद्र हेलकावतोय.

शाळा बंद पडून बारा वर्षं झाली.
फळ्यावर कुणाची तरी अर्धी वजाबाकी तशीच.
तिच्याखाली पेटी ठेवली,
रिकामी आहे, हे सगळ्यांना वाकून बघायला लावलं,
मग लाख वितळवली. म्हातारा मॅनस म्हणाला,
तार ऑफिसात असाच वास यायचा.

प्रश्न एवढाच :
घटनेतल्या एका कलमातले अकरा शब्द
ठेवायचे की काढायचे.
डब्लिनच्या सभागृहाने काढायचं ठरवलंय.
पण त्यांनी नुसतं ठरवून ते निघत नाहीत,
त्यासाठी भरती बघून इथवर यावं लागतं.

कॉनल आणि त्याचा भाऊ,
कुंपणावरून नऊ वर्षं अबोला,
एकामागे एक उभे राहिले.
दोघांचीच रांग, पण रांग.

नॅपी डफीने चष्मा मागितला. माझाच.
तो लावून आडोशामागे गेली
आणि इतका वेळ लावला
की पोलीस खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजू लागला.
माझ्या चष्म्यातून तिने कुठे फुली मारली
मला ठाऊक नाही.
नसायलाच हवं.

बाराच्या आत सात मतं पडली.
आठवा ओनी. ग्लासगोत बोगदे खणतो.
त्याची आई म्हणाली, तो काही यायचा नाही,
आवरा तुम्ही, पाणी उतरेल.
मी म्हणालो, कायद्यात तीन लिहिलंय.

मग बसलो.
चहा झाला, परत चहा झाला,
उघड्या दारातून वारा येऊन यादी उलटत होता,
तिच्यावर मी दगड ठेवला.

मास्तर होतो तेव्हा राज्यव्यवस्था शिकवताना
फळ्यावर तीन खांब काढायचो :
संसद, सरकार, न्यायालय.
वर त्रिकोणी छप्पर.
दार काढायचं कधी सुचलं नाही.

तीनला मिनिट कमी असताना त्याची आई उठली,
धक्क्याकडे बघून आली.
करा आता बंद, म्हणाली.

उद्या मोठ्या टेबलावर
ही सात मतं हजारोंत ओततील, कालवतील.
आपलं कुठलं, हे नॅपीलाही सांगता येणार नाही.

परतताना पेटी मांडीवर.
लाट आली की आत कागद सरकल्याचा आवाज.
किनारा आला, पोलीस म्हणाला.
मला दिसेना.
चष्मा नॅपीकडेच राहिला होता.