नॉर्मल

सकाळी सातपासून भांडुपच्या नाक्यावर
मी लोकांचं रक्त काढते.
मूठ वळा, म्हणते. शीर सापडली की म्हणते, आता सोडा.
एकोणीस वर्षं. सुई कधी चुकली नाही.

गौरी उठल्या त्या रात्री सुरू झालं.
कढई घासताना वाटलं, काहीतरी राहिलंय.
काय ते कळेना.
गॅस बंद होता, दाराला कडी होती,
माणसं घरात होती, अगदी मोजून.
तरी पोटात
लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबावी, तसं.

कशाची काळजी करतेस, नवऱ्याने विचारलं.
मराठीत काळजीला सोबत लागते :
पोरीची, हप्त्यांची, आईच्या गुडघ्यांची.
माझी नुसतीच. बिनकुणाची.

मग एका दुपारी लॅब रिकामी असताना
स्वतःचंच रक्त काढलं, एकहाती.
थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, कॅल्शियमसुद्धा.
बिघडलेला आकडा आम्ही ठळक छापतो.
माझ्या कागदावर एकही ठळक नव्हता.
ईसीजीची पट्टी लांब धरून डॉक्टर नाडगौडा हसले,
घोड्याचं काळीज आहे, जा.
जिन्यात बसून रडले मी.
आजार नाही म्हणून कोणी रडतं?

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या.
शेजारीण म्हणाली, टेन्शन कुणाला नाही गं.
मीही मला तेच म्हणत होते :
दोन वेळचं मिळतंय, छप्पर गळत नाही,
हे नखरे कसले?

चकल्या तळल्या, खाल्ल्या नाहीत.
गॅस बघायला कांजूरवरून परत आले,
एकाच सकाळी दोनदा.
हळदीकुंकवाला बोलावणी आली, डोकं दुखतंय सांगितलं.
फोन वाजला की दचकायचे, म्हणून आवाज बंद केला,
मग बंद फोनचीच भीती.
झोप तीनला तुटायची.
समोरच्या अर्धवट टॉवरवरचा लाल दिवा
उघडायचा, मिटायचा. मी मोजायचे.

फाल्गुनात एका पाच वर्षांच्या पोराचा दंड धरला
आणि सुई थरथरली.
टोचली नाही. थांबले. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं.
शेजारच्या टेबलावरून फिलोमिना उठली,
न बोलता ट्यूब घेतली हातातून.

दुपारी डबा उघडताना म्हणाली,
मी जाते, दोन वर्षं झाली. सायनला. मंगळवारी.
अकरा वर्षं आम्ही लोणचं वाटून खातोय.

केसपेपर. बाकडं. पंखा अर्धवट फिरणारा.
बाकड्यावर मीटर रीडिंगवाले डिगे,
दर तीन महिन्यांनी शुगरला माझ्याकडे येणारे.
दोघांनी नजर चुकवली.
मग त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, जागा केली.

डॉक्टरीण माझ्या भाचीएवढी.
कशाची, असं तिने विचारलंच नाही.
कधीपासून, म्हणाली. झोप? भूक? काम अडतं का?
जगू नये असं वाटतं का कधी?
नाही म्हटलं. तरी ती घाई न करता थांबली.
मी बोटांवर महिने मोजले. सहा सरून सातवा लागलेला.
कारण सापडेपर्यंत दुखायचं नाही,
असं कोणी सांगितलं तुम्हाला, म्हणाली.
आणि पेन शोधत : आधी आला असता तरी चाललं असतं.
हात थरथरायची वाट बघावी लागत नाही.

लगेच काही झालं नाही.
गोळीने पहिले दिवस तोंड कोरडं, वर मळमळ.
पंधरवड्याला एकदा बोलणं, कधी नुसतंच बसणं.
आंबे येऊन गेले तेव्हा एका रात्री
लाल दिवा मोजायचा राहून गेला.

अजून थांबते लिफ्ट, मध्येच.
पूर्वी मी श्वास धरून उभी राहायचे
कोणाला कळू नये म्हणून.
आता घंटा दाबते.

काल एक बाई आली, जाडजूड फाईल घेऊन.
सगळं नॉर्मल आहे, म्हणाली, जणू चोरी पकडलीय कोणी.
मूठ वळा, म्हटलं. आता सोडा.
कापूस दाबून धरला तिच्या कोपरावर,
जरा जास्तच वेळ,
आणि विचारलं,
झोप लागते का हो?