दोन चपट्या पात्या

दुमागेतेच्या धक्क्यापासून तिसरी गल्ली.
दुकानावर पाटी आहे, पण खारं वारं अक्षरं खातं,
म्हणून लोक मला कपाटावरून ओळखतात.
कपाटात जळालेल्या वस्तू:
एक टोस्टर, केस वाळवायची दोन यंत्रं,
एक मसाजची उशी, तिच्या पोटात डांबरासारखं काहीतरी.
सगळ्या जपानहून आलेल्या.
आल्या तेव्हा सगळ्या चालू होत्या.

खरं सांगू? परका दिसणारा प्लग बरा.
तीन जाड दांडे घेऊन येतो, भिंतीत शिरतच नाही.
माणूस अडतो, शिव्या देतो, विचारायला येतो.
घात करतो तो ओळखीचा चेहरा.
जपानी प्लगच्या दोन चपट्या पात्या
आमच्या फिलिपिन्सच्या भिंतीत अशा बसतात
जशी लेक माहेरी.
भोकं जुळतात. कुणी काही विचारत नाही.
तिथली वीज शंभरची, इथली दोनशेवीस.
एक निळी ठिणगी, करपलेल्या माशाचा वास, संपलं.

नानाय तेंताय तीनचाकीतून उतरली, मांडीवर खोकं.
"लोरेलीनं पाठवलाय. भाताचा कुकर, नागोयाहून.
शिजला की गाणं वाजवतो म्हणे."
अजून लावला नव्हता.
एवढ्यावरच मी तिला कॉफी पाजली.

व्होल्ट म्हणजे काय रे, तिनं विचारलं.
मी म्हटलं, सकाळी कसली गोळी घेतेस?
दाबाची.
तेच हे. नाडी दोन्हीकडे एकच,
सेकंदाला साठ ठोके, नागोयातही आणि इथेही.
फक्त दाब दुपटीहून जास्त.
ती हसली. मग मधेच थांबली:
"म्हणजे तिकडून इकडे येताना वाढतो?"
मी कुकर उलटा केला
आणि मागची पट्टी वाचत बसलो.

सातशे वॅट. म्हणून हजाराचा ट्रान्सफॉर्मर.
पाचशेचा स्वस्त होता, तो मी विकलाच नाही.
महिन्याच्या डुकराच्या पिल्लाएवढं वजन;
घरी लावून दिला, तर कान टेकवून म्हणते, "गुणगुणतो हा."
गुणगुणू दे. ओरडला तर बंद कर.
ओल्या फरशीवर ठेवू नकोस, वर फडकं टाकू नकोस,
आणि दिवे गेले की आधी पिन काढ,
परत येतात तेव्हा पिसाळलेले असतात.
कुकरच्या प्लगला लाल टेप गुंडाळली, तीन वेढे.
लाल डब्यात जातं. भिंतीत कधीच नाही.
नातवाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बटणांवरची अक्षरं तिला कुठली वाचता येणार?
रात्री फोनच्या पडद्यावर लोरेली,
वृद्धाश्रमाच्या जिन्यात, गणवेशातच:
"डावीकडचं शिजवायचं. खालचं ऊब धरायचं.
आणि ते केशरी... ते राहू दे, ते मलाही माहीत नाही."
डब्यानं हुं केलं.
चाळीस मिनिटांनी कुकर गायला
आणि गल्लीतले नऊ जण नुसता भात बघायला उभे.

डिसेंबरात लोरेली आली, चार वर्षांनी.
पहिल्याच संध्याकाळी अंगणात पन्नास माणसं,
भाजलेलं डुक्कर, माईक धरून बसलेला काका.
कुणाला फी हवी, कुणाला छपराचे पत्रे,
कुणाला तिच्यासारखाच व्हिसा.
ती हसत होती. सगळ्यांना पुरी पडत होती.
दहाच्या सुमाराला हातातून बशी सुटली
आणि ती खाली बसली, तिथेच, तुकड्यांजवळ.

नानाय तेंतायनं कुणाला हाक मारली नाही.
माईकची वायर ओढली.
लोकांच्या हातात भाताच्या पुड्या दिल्या,
लेकीला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं.

मी चपला शोधत स्वयंपाकघराशी आलो
आणि अंधारात तो आवाज ऐकला, बारीक, एकसुरी.
चालू राहिला वाटतं, म्हणून वाकून
डब्यावर हात ठेवला.

थंड होता. पिन काढलेली.
दाराआड आई गुणगुणत होती.