गल्ली नंबर पाच, साडेसातनंतर

मेडिकलचं शटर ओढून मी निघते तेव्हा
हातांना क्रोसिनच्या पट्ट्यांचा वास असतो.
लिआव मावशी आधी तोच धुवायला लावतात. शिकेकाईनं. दोनदा.
मग म्हणतात, आता जीभ काढ.

माझीच जीभ माझा पहिला धडा:
कडेला दातांचे ठसे, मधे पिवळट थर.
"रातले शेव-भाजी खाद्यी ना?"
खोटं बोलायची सोय नाही इथं.

धुळ्याला त्या चिनी दातवाली म्हणून माहीत.
खाली कवळ्या, वर माळ्यावर
आजोबांचं सागवानी कपाट, एकशे आठ कप्पे,
प्रत्येकावर आधी चिनी अक्षर,
त्याखाली कुणीतरी निळ्या शाईनं मराठीत
ऐकलं तसं लिहिलेलं: गान-त्साव. शंग-च्यांग. ह्वांग-छी.

गान-त्साव म्हणजे आपलं ज्येष्ठमध.
जवळजवळ प्रत्येक काढ्यात असतं थोडं,
भाऊबंदकीत मधे बसणाऱ्या म्हाताऱ्यासारखं,
स्वतः फार काही करत नाही,
पण ते नसलं की बाकीचे भांडतात.
आलं आणि सुंठ, हे मात्र मला पटायला महिना लागला,
एक औषध नाही, दोन.
ओलं घाम आणून थंडी बाहेर काढतं,
वाळलेलं पोटात जाऊन चूल पेटवतं.
वाळताना आलं काय विसरतं, काय शिकतं,
हे डी. फार्मसीला कुणी विचारलं नव्हतं.

नाडी तीन बोटांची.
डाव्या मनगटात काळीज, यकृत, मूत्रपिंड,
एकामागे एक, आगरा रोडवरच्या दुकानांसारखी.
"बोटे हलकी ठेव व माय,
दार ठोकी राह्यनी का तू?"
पुस्तकात लिहिलंय, निसरडी नाडी
ताटलीतून घरंगळणाऱ्या मोत्यांसारखी.
मी मोती कधी पाहिले?
मावशी म्हणाल्या, मग केळीच्या पानावरचं पाणी आठव.
दुसऱ्याच दिवशी दुकानात खोकल्याचं औषध मागणारीच्या मनगटात
मला ते पान हललेलं कळलं.
तिला अजून कळलं नव्हतं.
औषध दिलं नाही. म्हटलं, आधी डॉक्टरीणबाईंना दाखव.

बासष्टमध्ये आजोबांना दर सोमवारी हजेरी होती.
नदी ओलांडायची तरी परवानगी लागायची.
हवालदार खैरनार वही घेऊन माळ्यावर यायचे,
सही घ्यायचे,
आणि जाता जाता वही काखेत धरून
मनगट पुढं करायचे.
सात वर्षं.
सरकारच्या वहीत आजोबांची सही,
आजोबांच्या वहीत खैरनारांचं पित्त.
ती निळी शाईही त्यांचीच,
पोलीस ठाण्यातली,
कारण आजोबांना मराठी बोलता यायचं, लिहिता नाही.

आज परीक्षा होती. डोळ्यांवर ओढणी.
मावशी चिमूट चिमूट जिभेवर ठेवत गेल्या:
कडू, काळजाकडे जाणारं. आंबट, यकृताकडे.
तिखटाला मी खानदेशी, हसलेच.
मग त्यांनी माझं डोकं धरून पुढं वाकवलं,
म्हणाल्या, हे चाखायचं नाही, हुंगायचं.
गोडसर, तेलकट, ओल्या मातीचं काहीतरी,
आणि ते जवळ जावं तर नव्हतंच.
"लाकूड," मी म्हणाले. "नुसतं लाकूड आहे."

ओढणी सोडली. कप्पा रिकामा.
तांग-क्वेइ, बासष्टपासून आलं नाही ते.
पुढं कलकत्त्याहून मागवता आलं असतं,
आजोबांनी मागवलं नाही,
त्यांना ते त्याच डोंगरातलं हवं होतं.
नावाचा अर्थ विचारला तर म्हणाल्या,
परत यायला पाहिजे.
कोणी, ते नावात नाही.

"तुनापहिले चार जन शिकी ग्यात,
चारीजनस्नी तांग-क्वेइच सांगं."
पास की नापास, ते बोलल्या नाहीत.
कप्पा लोटला. तो अर्ध्यात अडकतो,
खालून जरा उचलावा लागतो.
मग मातीचं भांडं पुढं सरकवलं,
लोखंडी चालत नाही,
आणि मी पाणी मोजायला लागले.