आज किती?

साखळी सोडायचं काम माझं.
फळी धक्क्यावर आदळली की
केरकरांची अन्विता दचकते
आणि माझाच हात चोरटा होतो.

पहिले आठ दिवस ती पिंपळाच्या पुढे आली नाही.
पणजीच्या डॉक्टरबाईंनी वही दिलीय,
भीतीला दहापैकी गुण द्यायचे,
पळायचं नाही, आकडा उतरेपर्यंत उभं राहायचं.
आज किती? मी विचारायचो.
नऊ.
बाप स्कूटरवर, घड्याळाकडे बघत.

चोडणात लोक हसतात,
अकरावीतली घोडी, फेरीबोटीला भिते!
मी गप्प.
घरात पाल दिसली की मी अंगणात झोपतो,
तेवढं बायकोलाच ठाऊक.

काल तिने फळीवर एक चप्पल टेकवली.
फटीतलं पाणी काळं, हलतं.
आठ, म्हणाली.
मागे गाड्यांचे हॉर्न. थांबलो आम्ही.
सात.
बराच वेळ सातच.
मांडवीला ओहोटी लागली होती.
सहा, म्हणाली, आणि वळून घरी गेली.

आज तिला बघून
मी साखळी हळूहळू सोडली,
फळी अलगद टेकवली, आवाजही नाही.
तर तीच ओरडली पिंपळाच्या अलीकडून,
काका, असं नको,
रोजच्यासारखी आपटा.