पाव औंस

नवे टायर मंगळवारी आले. कुरिअरवाल्याने
चारही अंगणात गडगडत सोडले,
एक जाऊन कोंबड्यांच्या खुराड्याला टेकला.
गावातला टायरवाला दुकान विकून ॲरिझोनाला गेला, उन्हाला.
दुसरा सत्तर मैलांवर, आणि तो
डोळे मिटून वजनं ठोकतो, असं व्हर्लिनचं म्हणणं.
"आपणच बसवू, आयोनी."
आपण म्हणजे
मी पहारीवर उभी राहणार.

जुना टायर रिम सोडायला तयार नाही.
अकरा हिवाळ्यांचं मीठ आणि गंज.
बीटच्या ट्रेलरखाली तो आडवा सारायचा,
ट्रेलरच्या पोटाला आणि टायरला मध्ये जॅक,
दांडा मारत राहायचं, मारत राहायचं,
शेवटी कड सुटते, दुखरा दात सुटावा तशी.

मग साबण. भांड्यांचा, माझाच,
न विचारता नेलेला.
एक पहार माझ्या गुडघ्याखाली,
दुसरी तो वीत वीत पुढे सरकवतो.
रबर कुरकुरतं, आणि मग एकदम ऐकतं.
पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणायचा:
"हलकी बाजू जड बाजूच्या शेजारी."
लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवरही
असंच काहीसं पुटपुटला होता.
कोण हलकं, ते अजून सांगितलेलं नाही.

हवा भरताना, "लांब हो."
धडाम्. परत धडाम्. दोन्ही कडा बसल्या.
कुत्रा ट्रेलरखालून जेवणापर्यंत आला नाही.

तोल बघायचं यंत्र म्हणजे
एक शंकू, वर काचेची डबी, आत तेलात एक बुडबुडा.
वाऱ्याने हलू नये म्हणून शेडचं दार लावून घेतलं.
बुडबुडा हलक्या बाजूला पळतो,
तिथे शिसं ठेवायचं.

शिशाचे तुकडे कॉफीच्या डब्यात.
एकही विकत घेतलेला नाही.
चाळीस वर्षं ८१ नंबरच्या रस्त्याच्या कडेने
टपालपेटीकडे जाताना वेचलेले,
परक्या गाड्यांच्या चाकांवरून उडालेले.
कुणाकुणाचा गेलेला तोल
आमच्या डब्यात खुळखुळतो.

तो एक तुकडा उचलतो. रिमवर ठेवताना
तुकडा टिकटिक टिकटिक वाजतो,
दार उघडण्याआधी कुणी वाजवावं तसा.
मी दाराच्या फटीकडे बघत बसते.
बुडबुडा वर्तुळात येतो, थांबतो.

संध्याकाळी डांबरी रस्त्यावर.
दोन्हीकडे काळं ओलं रान, बीट अजून पेरायचं.
चाळीस. पन्नास. साठ.
"थरथरतंय. स्टिअरिंगमध्ये येतंय बघ."
कपातली कॉफी
तळ्यासारखी पडून होती.
"तू घे जरा."

कडेला थांबून जागा बदलल्या.
साठ. पासष्ट.
माझ्या हातात स्टिअरिंग दगडासारखं गप्प.
हीटर चालू होता, तरी त्याने दोन्ही हात
मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

रस्ता तिथे इतका सरळ आहे
की काही करावंच लागत नाही.
मी बराच वेळ काही केलं नाही.

मग म्हटलं, "हो. आहे किंचित.
उद्या पाव औंस अजून लावू."
"डावीकडे," तो म्हणाला.
"डावीकडे," मी म्हटलं.