ळ सोडून दे

शाळेची चिठ्ठी तीन ओळींची:
मुलगा ळ म्हणत नाही, ण म्हणत नाही,
क-च्या जागी त म्हणतो. कृपया दुरुस्त करावे.
जणू पंखा आहे, कुरकुरतोय.

भाविक नाखवा, वय सहा, दिवाळे.
मी फाइल उघडली आणि माझ्या पुण्याच्या कानाने
ळ-पासून सुरुवात केली. फळा, बाळ, कमळ.
टाळूला गुलकंद लावला चिमूटभर.
जीभ वळून वर गेली, गुलकंद चाटून खाली आली,
म्हणाली, फला.
सहा आठवडे. अर्धी बाटली गुलकंद.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पाच जण बसतो
नेरूळला, पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या खोलीत.
मुंब्र्याचे तन्वीर सर कानांचे आलेख आणतात,
ऐरोलीच्या इंदुताई जाड स्ट्रॉ, साबणाचे फुगे,
कुणीतरी वडे,
आणि प्रत्येकाकडे असतं एक मूल, जे पुढे सरकत नाही.
मी माझं सांगितलं. रेकॉर्डिंग लावलं.

प्रणिता मढवी हसली नाही, हे तिचे उपकार.
पुन्हा लाव, म्हणाली.
मग म्हणाली,
"फला, पानी, जालं... अगं, ही माझी आई बोलतेय.
यात तू बरं काय करणार?
जीभ वळते. कान ठीक आहेत ना, सर?
मग ळ सोडून दे. घरात तो नाहीच.
लागेल तेव्हा शाळेतून उचलेल.
पण ते 'तोली' ऐक.
तसं मात्र दिवाळ्यातही कुणी म्हणत नाही."

मी वहीतल्या सहा आठवड्यांवर आडवी रेघ मारली.
तन्वीर सरांनी वडा पुढे केला.

"आधी गुळण्या, बसवून," इंदुताई.
"मग उताणा झोपव, जीभ आपोआप मागं पडते," प्रणिता,
"आणि क्लिनिकात कशाला? जेट्टीवर जा.
होड्या येऊन गेल्या की आईला सवड असते."

माझ्या डायरीत पहिल्यांदाच
अपॉइंटमेंट तिथी बघून ठरली.

खुळखुळ, खुळखुळ, थुंक.
मग भाविक जाळ्यांच्या ढिगावर उताणा,
शेजारी आई, करंदी निवडत.
तरंदी, म्हणाला. तालवं, म्हणाला.
माशा आल्या. माझी ओढणी जाळ्यात अडकली.
तो वर घारीकडे बघत होता, माझ्याकडे नाहीच,
आणि घशात कुठेतरी कडी निघावी तसा आवाज:
क्.

आईचा हात करंदीत थांबला.
क्. क्.
कोण रे तू?
"कोली."

पेन सवयीने ळ-कडे निघालं होतं.
थांबवलं. बरोबरची खूण केली.
शाळेला लिहिलं: क येऊ लागलाय.
बाकी काही मोडलेलं नाही.

उरलेला गुलकंद शनिवारी नेणार आहे.
तन्वीर सरांकडे एक मुलगी येते,
तिला ट जमत नाही.
घरी कसं बोलतात, ते आधी विचारेन.